मुक्काम पोस्ट व्हिएतनाम

—नाही गं, ते आंघोळीला गेलेत, म्हणून तर म्हणतेय, काय विचारायचं ते मलाच विचार आणि झटपट विचार. पाण्याचा आवाज येतोय ना? मग! पाऊण तास झाला असेल आत जाऊन, पण ह्यांना स्वच्छतेची आवड, पहिल्यापासून. बस तू—त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो—हां, इथे बस. रचना ना नाव तुझं? मी मंजुळा, मंजुळा साईनाथ घाडीगावकर, लिही. आणि तुला अगं-तुगं केलं तर राग नाही ना? माझ्या सुनेएवढी आहेस. मला एक सांग, ती तुमची व्हिएतनामची बाई अजून खालीच आहे ना, महिपतरावांच्या तावडीत? मग झालं. आमचे सेक्रेटरी आहेत ते, एकदा माणूस हाताला लागला की सोडत नाहीत. आता शाल, नारळ, मग सोसायटीचा इतिहास, मग पाण्याची नवीन टाकी दाखवणार. तेवढ्यात आपण उरकून टाकू.

कळलं, कळलं, खाली सांगत होतीस ते खिडकीतून ऐकलं मी. सरकारचा सर्व्हे—लोक फिरायला कुठे जातात, किती रात्री राहतात. आणि देशोदेशीची माणसं एकमेकांकडे जाऊन बघतात, तुम्ही कसं मोजता, आम्ही कसं मोजतो, म्हणजे सगळ्यांचं माप एक. चांगलंच आहे की. पण अख्ख्या डोंबिवलीत चिठ्ठी आमच्याच घराची निघावी? हळदीकुंकवाच्या सोडतीत आजवर साधा चमचा नाही गं लागला मला! सकाळी महिपतराव नाचतच आले—घाडीगावकर, व्हिएतनामच्या मॅडम येतायत, आणि घर कुणाचं निघालं? तर आपल्या व्हिएतनाम-रिटर्न साईनाथरावांचं, योग बघा! ह्यांनी योग बघितला, टॉवेल घेतला आणि आत गेले ते गेले.

हां, विचार. गेल्या वर्षभरात परदेशी? हो, गेलेलो. लिही, व्हिएतनाम. दोघंच. सहा रात्री. कुठे राहिलो म्हणजे—हॉटेलातच की. छान होतं, चौथा मजला, खिडकीतून नदी. नाश्ता? मिसळ. म्हणजे तिकडची मिसळ, तिकडे पण असते, पाव जरा वेगळा. फिरायला? रिक्षा केलेली. अगं, असतात तिकडे पण रिक्षा, मीटरचं नाव काढू नको, सगळीकडे मेलं सारखंच. अशी काय बघतेस? चहा ठेवू का? पासपोर्टवरचा शिक्का वगैरे दाखवायचा नसतो ना? नाही ना? हुश्श. नाही, सहज विचारलं.

काय म्हणालीस? आमचं एक घर म्हणजे एकच घर धरत नाहीत? मग? हजारो घरांच्या बदल्यात आमचं एक? म्हणजे मी इथे व्हिएतनाम म्हटलं की तिकडे कागदावर हजारो घरं व्हिएतनामला जाऊन आली? अगंबाई! आणि मग ते आकडे त्यांच्या आकड्यांशी लावून बघतात—इथून निघाले किती आणि तिथे पोचले किती? आणि इथून निघालेले तिथे पोचलेच नाहीत तर? दोन्हीकडची मोठी माणसं डोकं धरून बसतील ना गं, की ही डोंबिवलीची हजारो माणसं मधल्यामधे समुद्रात पडली की काय!

थांब. लिहू नको. लिहिलंस? खोडता येतं ना त्या टॅबवर? खोड. तुझं ते गुप्त राहतं म्हणालीस ते खरं ना? घराचं नाव कुठे येत नाही? महिपतरावांना तर नाहीच नाही? शपथ घे. सरकारची नको, आईची घे.

आम्ही टिटवाळ्याला होतो.

हसू नको गं! हस, पण हळू हस. जोरात बोललं तरी ह्यांना पाण्यात काही ऐकू येत नाही म्हणा. अगं, निघालो होतो ते खरोखरच व्हिएतनामला. हे रिटायर झाले, त्याचं फिरणं. ह्यांनी वर्षभर तयारी केली, तिकिटांची एक फाइल, हॉटेलची एक, औषधांची वेगळी, बॅगा घरी चार वेळा तोलल्या. अख्ख्या सोसायटीने हार घालून रिक्षात बसवलं, आणि विमानतळावर ती काउंटरवरची पोरगी गोड आवाजात म्हणते, सर, पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक लागते, तुमचे चारच उरलेत. माझा नाही हं, माझा ठणठणीत होता, ह्यांचा! हा माणूस एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत जन्मभर पिंपांवरच्या मुदतीच्या तारखा बघत होता, एक पिंप कधी मुदतीबाहेरचं गेटमधून सोडलं नाही, आणि शेवटी स्वतःच मुदतीत बसला नाही. काय बोलायचं? मला म्हणाले, तू जा. म्हटलं, मी एकटी जाऊन काय करू तिकडे, भात तर घरी पण मिळतो. मग ट्रॉलीवर बसले आणि रडले गं. एवढा मोठा माणूस, गळ्यात हार तसाच. मी त्यांना रडताना बघितलेलं नव्हतं कधी, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

आता सांग, त्या हारासकट परत सोसायटीत कुठल्या तोंडाने यायचं? महिपतराव गेटवरच उभे असणार. माझ्या धाकट्या बहिणीने, स्वप्नाने, टिटवाळ्याला नवीन बिल्डिंगमधे फ्लॅट घेऊन ठेवलाय, रिकामाच असतो, वास्तुशांत झाल्यापासून किल्ली माझ्या पर्समधे पडून होती. म्हटलं, चला. रात्र काढू, सकाळी बघू. सकाळी ग्रुपवर बघितलं तर तीसेक जणांचे हात जोडलेले, 'पोचलात का', 'फोटो टाका'. ह्यांनी खिडकीतून काळू नदीचा फोटो काढून टाकला. अगं, चेष्टेत टाकला! तर खाली लगेच, वा वा, काय नदी, आपल्याकडे असं पाणी कुठे! झालं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण आमच्या कपाळी लाइकच लाइक.

मग काय, निभवावं लागलं. स्टेशन जवळ, त्यामुळे कुणाचा फोन आला की मागून कसारा लोकलची घोषणा, म्हणून फोन वाजला की हे धावत बाथरूममधे, नळ सोडायचा आणि आतून बोलायचं. ती सवय लागली ती लागलीच, बघतेस ना आज. आणि ही शेवंती, दुसऱ्या मजल्यावरची, तिला तिकडची ती टोकदार टोपी हवी होती. टिटवाळ्याला कुठली टोपी? बाजारात एका बाईकडून बांबूची टोपली घेतली, ह्यांनी तिला रिबीन लावली. शेवंतीने दिवाणखान्यात टांगलीय, आल्यागेल्याला दाखवते, आणि आता त्या बाईला पण—ऐकलंस? तो शेवंतीच्या दाराचा आवाज. म्हणजे दुसऱ्या मजल्यावर आले. ती बाई टोपलीसमोर उभी असेल आत्ता. देवा महाराजा, तिला बोलता येऊ नये मराठी.

बरं, तिथेच थांबावं की नाही माणसाने? आल्यावर झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसावं? पण ज्येष्ठांच्या कट्ट्यावर ह्यांचं व्याख्यान ठेवलं. नाही म्हणता येईना. मग रोज मोबाइलवर बघून बघून एवढं पाठ केलं की आता खरोखर जाऊन आलेले लोक ह्यांना विचारतात, अमुक देवळाला डावीकडून जायचं की उजवीकडून. शिन चाओ म्हणजे नमस्कार. बघ, मला पण येतं! पण एवढं नाव झालं ना, की आज ते फुटलं तर ह्या माणसाचं काही खरं नाही. माझं काय गं, मी दोन दिवस तोंड लपवीन आणि भाजीला जाईन. ते नाही जाणार. ते आतच बसतील. म्हणून म्हणते, त्या बाईला दुसऱ्या कुठल्या घरी ने. आमचं झालं म्हणून सांग.

हो, टिटवाळा लिही. त्याचं कसलं पर्यटन, आमच्या नातेवाइकाचा फ्लॅट तो—धरतात? रोजच्या जाण्यायेण्यातलं नसेल आणि रात्रीचा मुक्काम असेल तर धरतात? टिटवाळ्याला पण? म्हणजे आम्ही खरोखर फिरायला गेलेलो, तुमच्या त्या सगळ्या देशांच्या मापाने? बघ बाई, आणि आम्ही चोरासारखे लपत होतो.

कशासाठी गेलेलो? काय काय पर्याय आहेत तुझ्याकडे? नातेवाइकांकडे—नातेवाईक नव्हतेच ना तिथे. देवदर्शन—तोंड लपवून देवळात कसं जाणार, अख्खी डोंबिवली असते तिथे. सुट्टी, मौज… मौज लिही. खरं तेच सांगते, मौज लिही.

अगं, लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलोय? सासूबाई होत्या, मग हर्षित झाला, मग ह्यांच्या कंपनीतल्या पाळ्या, मग हर्षितची मुलं. त्या फ्लॅटमधे गॅस नाही, भांडं नाही, पडदा नाही. स्वयंपाकच नाही गं! सकाळी उठले तर करायला काही नाही. ह्यांनी बॅगेतल्या विजेच्या किटलीत चहा केला, आयुष्यात पहिल्यांदा, नुसतं गोड पाणी, मी प्यायले. संध्याकाळी नदीवर बसायचो. ती टोपली डोक्यावर घालून हे असं चालून दाखवत होते, मी एवढी हसले की खाली बसले. मला कुणी म्हटलं ना, आता खरं व्हिएतनाम की परत टिटवाळा, तर मी टिटवाळा म्हणीन.

छे, त्यांना कुठे सांगितलंय! त्यांना अजून वाटतं, बायकोचं एकुलतं एक फिरणं मी घालवलं. जरा काही झालं की म्हणतात, तुला साधं व्हिएतनाम नाही दाखवू शकलो. का नाही सांगितलं? आता तुझ्यापाशी काय लपवायचं. त्या अपराधीपणापायी हा माणूस तेव्हापासून रोज सकाळचा चहा करतो. आलं घालून, हातात आणून देतो. सांगून टाकलं असतं तर चहा बंद नसता का झाला! मी पण मेली स्वार्थी. म्हटलं, वाटू दे थोडं वाईट, एक-दोन महिने वाटू दे. मग वाटायला लागलं, आता कसं सांगू. रात्री उठून त्या फाइली उघडून बसतात गं कधीकधी. मला कळतं. मी डोळे मिटून घेते.

काय गं, तिकडे काय बघतेस? काय?

पाणी. पाण्याचा आवाज कधी बंद झाला? तू सांगायचं नाहीस मला? मी चहाचं सांगितलं त्याच्या आधी की नंतर?

अहो… ऐकलंत? सगळं?

बेल वाजली. थांब, उघडू नको. थांब गं! अहो, बाहेर या. बोला काहीतरी. शिव्या घाला हवं तर… बघ, ह्यांनी आतून कडी काढली. अहो, निदान माझ्याकडे बघा तरी. तिकडे कुठे चाललात, ओट्याकडे? आत्ता? बाहेर महिपतराव आहेत, ती बाई आहे, शेवंती ती टोपली घेऊन आली असेल, आणि तुम्ही चहा—

मोठं पातेलं काढलं ह्यांनी. सगळ्यांचा ठेवतायत.

रचना, मौज लिहिलंस ना? मग उघड दार.