आज चौथ हाय

न्हाय साहेब, मशिनीला नावं ठेवायला जागाच न्हाय. लिवा, बिनधास्त लिवा. एकाहत्तरच्या दिवाळीला बसवली, आता होळी होऊन चार दिस झाले — एक दिस चुकली न्हाय. खाडीला भरती आली की दार आपोआप वर, मिठागराचं तळं भरलं की आपोआप खाली. वीस वर्सं हेच दार मी हातानं ओढलंय — राई गावचा नाथा म्हना, मोरव्यापर्यंत कोनीबी सांगंल. शेठ तर लई खूश. म्हनाले, मुंबईचे साहेब येतील, मशीन पास केली की दारावरच्या मानसांना सुट्टी. मानसं कसली, एकटा मीच तर हाय! ही खोलीबी खाली करायची. मी अन् दुर्गा, आमची बायको. घ्या ना चहा, तिनंच केलाय.

काय? घड्याळ? हां, त्या पेटीतलं — दोन खुंट्या, एक उघडायची, एक मिटायची. तुमच्या मानसानं उघडायची बारावर लावली अन् म्हनला, रोज बाराला. रोज! आता शिकलेल्या मानसाला मी काय सांगनार? अवस-पुनवेला बाराच्या सुमाराला भरती, झकास. पन भरती काय कंपनीच्या भोंग्यावर चालते? तिथीची पाऊनपट करा, तेवढ्या वाजता पानी चढनार — आमच्यात पोरासोरांना ठावं हाय. चौथीला तीन. अन् हिनं दार उघडलं बाराला! पानी आत यायचं सोडून तळ्यातलंच खाडीत चाललं, भडाभडा. हापिसात कुनाला कळलं न्हाय, रातच्या भरतीला मीच हातानं भरून घेतलं. पन जीव तुटला माजा, खोटं कशाला बोलू? मंग? मंग काय — सरकवल्या दोन्ही खुंट्या. दुसऱ्या दिशी परत पाऊन तास. तवापासून रोज —

थांबा, हे लिवलंत काय? अवो खोडा ते! शेठची ताकीद हाय, पेटीला हात लावंल तो त्याच दिशी घरी. आता बगा मजा — मशीन चांगली लिवलीत तरी मी घरी, हे लिवलंत तरी मी घरी. दुर्गा म्हनते, चार दिस गप बसला असतास तर मशीनच घरी गेली असती. खरं हाय तिचं. आपल्याच पायावर धोंडा. पन तळं रिकामं होतंय अन् मी बिडी वढत बसू? न्हाय जमत साहेब. न्हाय जमलं.

लिवा काय लिवायचं ते. पेटीला कुलूप लावलंत? बरं केलंत. किल्ली हापिसात द्या, माजं काय अडत न्हाय, मला तारेचा तुकडा पुरतो. निघा आता — निघा म्हनतो ना! दोन वाजत आले, अन् खुंटी अजून कालच्या सव्वादोनवरच हाय.