तीनचा सहा

माझी शाळा चौथीत सुटली, हे फ्रीगंज भागातल्या डिझायनर मॅडमना माहीत होतं. त्यांना कायमचं चालणारं कॅलेंडर करायचं होतं. लाकडाचे दोन चौकोनी ठोकळे फिरवून रोजची तारीख लावायची. देवनागरी अंक मॅडम, त्यांचे दोन सहकारी आणि मी अशा चौघांनी वाटून काढायचे, कोरायचे मी. तीन माझ्याकडे होता, सहा मॅडमकडे. शेवटी कळलं, शून्य, एक आणि दोन दोन्ही ठोकळ्यांवर लागतात, त्यामुळे बारा बाजूंत नऊला बाजूच उरत नाही.

"काका, इंग्रजी अंक घेऊ. त्यात सहा उलटा केला की नऊ होतो."

"भैरवगढला जन्मभर कापडावरच्या छपाईचे लाकडी छापे कोरले. इंग्रजी कोरणार नाही."

"मग नऊ कुठे जाणार, बताइए!"

मी माझ्या तीनचं शेपूट आखूड केलं आणि ठोकळा उलटा ठेवला. सहा दिसला.

"पण सहा तर मी काढणार होते!"

"तुम्ही नऊ काढा. जागा झाली."