चावीची मोटार

सामंतवहिनींसारखी शेजारीण मिळायला नशीब लागतं गं, पण त्या दिवशी माझी वाट लागली होती! पंच्याऐंशी साल असेल. पार्ल्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पोरांची जुनी खेळणी बदलायचो. एका वर्षी आम्हाला मिळालेली चावीची मोटार बिनचावीची निघाली. पुढच्या वर्षी मी तीच गुपचूप वाणात ठेवली, आणि नेमकी वहिनींनी उचलली.

दुसऱ्या दिवशी वहिनी मोटार घेऊन दारात! मीच आधी म्हटलं, "चुकलं हो माझं, चावी नाहीये तिला."

"माहितीय गं. मूळची आमचीच ती! चावी नंतर सापडली, पण आणून द्यायची लाज वाटली. घे, नंदूलाच राहू दे."

त्यांनी चावी फिरवून मोटार जमिनीवर सोडली. माझा नंदू किंचाळून त्यांच्याच पदराआड लपला. वर्षभर हाताने ढकलली होती ना. ती आपणहून चालते हे त्याला माहीतच नव्हतं!