पिचवरच्या म्हशी

हसू नका, पण आमच्या क्रिकेट क्लबचं मॅटिंग म्हशींमुळं गेलं.

क्लब आमचा मुखेडजवळचा, मैदान गायरानातलं. एक दिवस आमचे सेक्रेटरी भुजंगमामा यांना नांदेडहून जिल्हा क्रिकेट संघटनेच्या एका साहेबाचा फोन आला. "तुमच्या क्लबचा पाच वर्षांचा आराखडा मिळून करू. मदत फुकट."

मामांनी फोन ठेवला आन् म्हणले, "फुकट म्हणला ना? मंग जागेवर डोळा हाय त्याचा."

साहेब आला तो हातात मोजायचा टेप घेऊनच. तवर मामांनी स्टंप कडब्यात दडवले होते आन् पिचवर चार म्हशी बांधल्या होत्या.

साहेबानं विचारलं, "मैदान कुठंय?"

"मैदान न्हाई. इथं म्हशी बसतात."

"आणि खेळाडू?"

मामांनी आम्हा अकरा जणांकडं पाहिलं. "हे? हे म्हशी राखतात."

चार म्हशींना अकरा राखणदार! साहेबानं तेही लिहून घेतलं. जाताना म्हणाला, "मैदान असतं तर पिचवर अंथरायला मॅटिंग देऊन टाकलं असतं. जीपमध्येच आहे."

मामा माझ्या कानात म्हणले, "बघ, आमिष दाखवून राहिला."

मॅटिंग शेजारच्या गावाला गेलं आन् आमची गोष्ट तालुकाभर झाली. आता मॅच खेळायला आम्हीच तिकडं जातो. परवा टॉसच्या आधी मामांनी खिशातून टेप काढला. "बावीस यार्ड पुरं हाय का, बघू जरा."

मामा टेप लावायला वाकले, तसा तिकडचा कॅप्टन ओरडला, "पळा रे, म्हशी आणा!"