मागच्या सीटवरून

शिळफाट्याच्या गॅरेजात स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत रूपा बाकड्यावर टेकली. शेजारी एक म्हातारी बसली होती. समोर तिचा मुलगा आणि मेस्त्री, दोघांनीही एका जुन्या मोटारसायकलीपुढे हात टेकले होते.

“गिअर दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातच नाय. मधेच न्यूट्रल होते.”

“क्लचची वायर बदलली, ऑइल बदललं. आता गिअरबॉक्सच खोलायला लागेल, प्रबुद्धभाऊ.”

“बाबा गेल्यापासून हिला काय झालंय, कळत नाय.”

“खोलू नका, मेस्त्री. तुमी दोघं गिअरला पाय लवकर मारता,” म्हातारी म्हणाली.

“मावशी, तुम्ही चालवलीय कधी?” मेस्त्रीने विचारलं.

“नाय. चाळीस वर्षं मागं बसले.”

“मग?”

“ह्यांच्या खांद्यावर हात असायचा ना माझा. क्लच दाबला की ह्ये एक श्वास थांबायचे. मग उजवा खांदा जरासा खाली यायचा, आन् गिअर पडायचा. इतका अलगद, की पळसदरीच्या रस्त्याला माझा डोळा लागायचा.”

“आई, आधी बोलली नायस कधी.”

“तू इचारलंस का रं? चल, बस पुढं.”

पदर खोचून ती मुलाच्या मागे बसली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. गाडी निघाली, दुसऱ्यावर आली.

“टाकू आता, आई?”

“थांब. श्वास सोड. हां, आता.”

गाडी नाक्यापर्यंत गेली, वळली, संथ आवाज करत परत आली.

“पडला, मेस्त्री! तिसरा पडला! आई, उतर. आलो आपण.”

तिने डोळे उघडले नाहीत.

“एवढ्यात कुठं आनलंस? चौथा राहिलाय रं अजून.”