आप्पांचा प्रोग्रॅम

कॉम्प्युटर शिकवायला कॉम्प्युटर लागतोच, असं काही नाही. आणीबाणीच्या आधी आमच्या गणिताच्या सरांनी माझाच कॉम्प्युटर केला होता.

कॉलेजचं शिबिर न्हावऱ्याला होतं. सकाळी आम्ही रस्त्यावर मुरूम टाकायचो, मग सर गावकऱ्यांना प्रोग्रॅम शिकवायचे. मला पुढं उभं करून म्हणायचे, "हे मशीन. सांगाल तेवढंच करणार. बोलणार नाही, आणि थांब म्हटल्याशिवाय थांबणार नाही."

तीन दिवस कुणी तोंड उघडलं नाही. सर रडकुंडीला आले. चौथ्या दिवशी एक आप्पा उठले आणि अख्खा वर्ग आपल्या कांद्याच्या रानात घेऊन गेले. माझ्या हातात विळा देऊन म्हणाले, "कांदा उपट. पात काप. ढिगावर टाक. वाफ्यात कांदा हाय तवर हेच कर. वाफा संपला की म्होरच्या वाफ्यात जा."

सरांचे डोळे भरून आले. "आप्पा, याला लूप म्हणतात. न शिकवता जमलं तुम्हाला."

"व्हय का," म्हणत आप्पा बांधावर चहा प्यायला बसले.

तिसऱ्या वाफ्यात माझी पाठ गेली. मी म्हटलं, "आप्पा, थांबायचं कधी, ते सांगितलंच नाही तुम्ही."

आप्पा सरांकडं वळले. "सर, तुमचं मशीन बिघडलं. बोलाया लागलं."

सर माझ्यावरच खेकसले, "गप रे. पहिल्यांदाच कुणाला तरी समजलंय."

दिवस मावळेपर्यंत रान मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी वर्गाला सगळं गाव आलं, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक विळा. सरांनी शिबिरातल्या पोरांवरून नजर फिरवली आणि खूश होऊन म्हणाले, "मशीनं कमी पडणार."