कौल मिळालेला रस्ता

मी मूळची केळशीकडची, बापाची होडी, घर दर्याच्या तोंडाशी, आणि लगीन होऊन आले ती मंडणगडच्या ह्या डोंगरात. काय सांगू तुमाला ताई, वाट चढून चढून पायांत गोळे आले, तं सासू बोलली, आताच दमलीस व्हय गो, अजून अर्धी वाट हाय.

तवापास्नं ऐकतेय, रस्ता येणार, रस्ता येणार. आला एकदाचा सायब. चांगला व्हता बापडा, सगळा डोंगर पायांनी हिंडला, मंग देवळात सगळ्यांना बसवून बोलला, दोन वाटा हायत. एक सड्यावरनं, वरच्या सपाट माळावरनं, लांबची, पण कातळ हाय, पक्की. देवरहाटीतली झाडं तेवढी तोडावी लागतील. दुसरी पऱ्याच्या कडेनं, ओढ्यालगतची, जवळची, झाडं वाचतील, पण वरची माती भुसभुशीत, पावसात खाली येईल. सड्यावरनंच न्या.

देवीची झाडं तोडायची आणि तिला न इचारता? छे! गुरवानं कौल लावला, मूर्तीला दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तं होय, डावी पडली तं न्हाय. आमचे हे मानकरी, गाऱ्हानं ह्यांनीच घातलं, आई, झाडं तोडू का? डावी पडली. झालं! सायबानं कागद गुंडाळले, आणि हे घरी आले ते हसत, बोलले, आईनं आपली झाडं राखली.

रस्ता झाला पऱ्याकडनं. सुरवातीला बरा चालला, मोटार दारात यायची. मंग एका श्रावणात ह्यांच्या छातीत कळ आली. मंडणगडवरनं गाडी बोलावली, ती आली, आणि खालीच अडकली, सगळी दरड रस्त्यावर. वाडीतल्यांनी ह्यांना उचलून नेलं, चिखलात मांडीपर्यंत रुतत, मी मागनं रडत. हे मलाच धीर देत व्हते, अगो, आई बघतेय, नेतील. दरडीच्या अलीकडंच गेले ओ. पलीकडं गाडीचा लाल दिवा फिरत व्हता, तो अजून डोळ्यांपुढं येतो.

लोकं बोलली, देवीचा कोप. मेल्यांनो, कोप कसला? तुमी तिला झाडांचं इचारलंत, मातीचं कोणी इचारलंत काय?

आता रस्ता परत बांधायला नवीन सायब आलाय, वाटा त्याच दोन, आणि उद्या परत कौल लावायचाय. आज सकाळी मी एकटीच देवळात गेले. बोलले, बाय माजे, तुज्यावर रागावून मी जाऊ कुठं, तुज्याबिगर हाय कोण मला. पण उद्या एकही पाकळी पाडू नको. गप रहा. ठरवू दे त्यांचं त्यांना.

चा घ्या ताई, थंड होतोय. आणि आभाळ आलंय, पऱ्याकडनं जाऊ नका. सड्यावरनं जा, लांब पडेल, पण सुखरूप पोचाल.